उदाहरणासह लिहा

तिने पिशवीत हात घातला आणि तो कसल्यातरी मऊ, गार, ओलसर गोळ्यात शिरला. क्षणभर तिला वाटलं, आत काहीतरी जिवंत आहे. तिने हात ओढून काढला. बोटांना काळपट चिकट लगदा लागला होता आणि त्याचा गोड, आंबूस, दारूसारखा वास प्लास्टर आणि मेणाच्या रोजच्या वासाला बाजूला सारून टेबलभर पसरला. केळं. कधीचं? मागच्या सोमवारचं? की त्याच्याही मागच्या? दुसऱ्या हाताने कानाशी धरलेल्या फोनमधून तिची लेक म्हणत होती, "आई, पिशवीतच आहे म्हणालीस ना फॉर्म? मग बघ ना आत्ता." ती म्हणाली, "आहे गं. भरूनच ठेवलाय." खोटं बोलताना ती अडखळत नसे. पन्नाशी उलटेपर्यंत या एका कामाचा तिला चांगला सराव झाला होता. "शनिवारी अकराची वेळ आहे," लेक म्हणाली. "तीन महिने थांबून मिळालीय. आईबापांपैकी कोणीतरी लहानपणाबद्दल लिहून दिल्याशिवाय डॉक्टर पुढे जाणार नाहीत. समजतंय ना तुला?" "समजतंय," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर दोन बोटांनी, मेलेला उंदीर उचलावा तसा, तो आठ पानी फॉर्म पिशवीतून वर काढला. तीन आठवड्यांपूर्वी लेकीने तो दिला तेव्हा तो कोरा, पांढरा, कडक होता. आता त्याचा एक कोपरा तपकिरी होऊन पुढच्या सगळ्या पानांना चिकटला होता. शेजारच्या टेबलावर कवळ्यांना पॉलिश करणाऱ्या बाईने मशीन थांबवलं आणि नाक वर केलं. "ताई, काही मेलंय का तुमच्या पिशवीत?"

मोरीपाशी उभी राहून तिने हात धुतले, पुन्हा धुतले, नखांच्या आतून टाचणी फिरवली. गंमत म्हणजे गेली एकोणतीस वर्षं ती या डेंटल लॅबमध्ये परक्या माणसांचे दात बनवत होती आणि कोणाच्या तोंडाची तिला कधी किळस आली नव्हती. दवाखान्यांमधून ठसे यायचे, त्यांच्या गुलाबी रबरात कधी भाजीचा धागा अडकलेला असायचा, कधी रक्ताची रेघ, कधी लिपस्टिक. ती ते नळाखाली धरायची, प्लास्टर ओतायची, आणि मग त्या अनोळखी जबड्याकडे बघत बसायची. कोण रात्री दात खातं, कोण एकाच बाजूने चावतं, कोणाचा सुळा कोणी लहानपणी ठोसा मारून वाकडा केलाय, हे तिला दिसायचं. मेणातून एकेक दात कोरताना जेवणाची सुट्टी होऊन गेलेली तिला कळत नसे. कोणी खांद्यावर हात ठेवला तर ती दचकून ओरडायची. साहेब पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या या बाईंसारखी एकाग्रता तुम्हाला कुठे बघायला मिळणार नाही." ती हसायची आणि आतून ओशाळायची. कारण याच बाईंनी एकदा गॅसवर दूध ठेवून खालच्या मजल्यावर किल्ली द्यायला म्हणून पाय काढला होता आणि अडीच तासांनी परतल्या होत्या. याच बाई धुतलेले कपडे मशीनमध्ये विसरत, तिसऱ्या दिवशी ते आंबट वास मारत बाहेर काढत, पुन्हा धुवायला लावत आणि पुन्हा विसरत. पाहुणे यायचे असले की घरातलं सगळं सामान, पत्रं, अर्धे विणलेले स्वेटर, उघडलेली आणि न उघडलेली खोकी, सगळं उचलून मागच्या खोलीत कोंबायचं आणि दार लावून घ्यायचं. पाहुणे म्हणत, किती नीटनेटकं घर! त्या बंद दाराआड काय आहे ते तिला माहीत होतं. स्वतःचं नाव ऐकलं की तिला आधी ते दार आठवायचं.

फॉर्मची पानं तिने सोडवली आणि मेण पातळ करायच्या तव्यावर, आच अगदी मंद करून, एकेक वाळत घातली. वाळता वाळता ती वाचू लागली. प्रश्न छापील, कोरडे, सरकारी भाषेतले होते. 'सहा ते बारा या वयात पाल्य आवश्यक वस्तू हरवत असे का? कधीच नाही, क्वचित, बरेचदा, नेहमी. उदाहरणासह लिहा.' तिने पेन्सिल घेतली आणि 'नेहमी'वर खूण केली. लिहिलं, पोहण्याची टोपी. तीन छत्र्या. एक बूट, एकच, डावा. 'शिक्षकांच्या तक्रारी येत असत का?' नेहमी. हुशार आहे पण खिडकीबाहेर बघते. 'दिलेले काम अर्धवट टाकत असे का?' नेहमी. भरतकामाच्या तासाला वर्षभर एकच फूल, त्याच्याही दोनच पाकळ्या. 'ओरडा बसल्यावर पाल्याची प्रतिक्रिया?' हसायची. ओरडा बसला की तिला हसू यायचं, ते आवरायचं नाही, म्हणून आणखी मार बसायचा. पाचव्या प्रश्नाशी तिची पेन्सिल थांबली. लेकीच्या शाळेत भरतकाम नव्हतं. डावा बूट लेकीने हरवला नव्हता. तो बूट तिचा होता. आठ वर्षांची असताना, शाळेच्या सहलीत, ओढ्याच्या काठावर. एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशी ती घरी आली होती आणि तिची आई दारातच म्हणाली होती, "बापाची लेक."

तिने खाली खुर्चीच्या पायाकडे बघितलं, मग पुन्हा कागदाकडे. खोडरबर सापडलं नाही. लेकीबद्दल सतरा प्रश्न विचारले होते की सत्तर, कोण जाणे, पण पहिल्या चार उत्तरांत लेक कुठेच नव्हती. तिला एकदम लाज वाटली, आणि लाजेच्या मागून, जशी नळातून आधी हवा आणि मग गढूळ पाणी येतं तसं, ते दुसरं आलं. ड्रॉवर.

लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. नवरा एव्हाना निघून गेलेला होता. जाताना त्याने भांडण काढलं नव्हतं, एवढंच म्हणाला होता की या घरात मला खाली बसायला जागा नाही, आणि ते खरंच होतं, प्रत्येक खुर्चीवर काहीतरी होतं. घरात दोन-तीन आठवडे एक वास होता. तिला वाटायचं गटार तुंबलंय. तिने प्लंबरला बोलावलं. प्लंबर घरभर हुंगत फिरला आणि लेकीच्या अभ्यासाच्या टेबलापाशी थांबला. खालचा ड्रॉवर त्यानेच उघडला. आत शाळेचे डबे होते, अकरा. रोज डबा हरवला म्हणून लेक सांगायची आणि रोज ती चिडून नवा विकत आणायची. पावाच्या तुकड्यांवर हिरवी लव, उकडलेल्या अंड्यांचं जे काही उरतं ते, काकडीचं पाणी. एका डब्यात काहीतरी हलत होतं. प्लंबर म्हणाला, "बाई, माझं काम नाही हे," आणि गेला. लेक दारात उभी होती. ती हसत होती. ओठ आत ओढून, डोळे मोठे करून, आवरता न येणारं हसू हसत होती. ते हसू बघितलं आणि तिच्या हाताला काय झालं कोण जाणे. तिने लेकीला मानेला धरून टेबलाशी बसवलं, अकराही डब्यांची झाकणं काढून तिच्यापुढे ओळीने मांडली आणि म्हणाली, "घे वास. घे. आज हेच जेवण." लेकीचं तोंड बाजूला वळायचं, ती ते पुन्हा पुढे करायची. किती वेळ? दहा मिनिटं असतील, अर्धा तास असेल. वेळ तिला कधीच कळला नाही. लेक ओकली, डब्यांवरच. तेव्हा तिने हात सोडला. या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली होती. आजवर तिने ती स्वतःला अशी सांगितली होती की शिस्त लावायला पाहिजेच होती, एकट्या बाईने काय करायचं. आज तव्यावर वाळणाऱ्या कागदांसमोर तिला त्या दिवसाची दुसरी बाजू दिसली. ड्रॉवर उघडला तेव्हा तिला आश्चर्य वाटलंच नव्हतं. तो वास तिच्या ओळखीचा होता. तिच्याही शाळेच्या दप्तरात तळाशी तसंच काहीतरी असायचं, आणि ते काढून टाकायचं रोज ठरवूनही, जसजसं ते सडत जाई तसतसं ते उघडणं अशक्य होत जाई. हे तिला ठाऊक होतं. ते ठाऊक असलेली अख्ख्या घरात ती एकटीच होती. आणि तिने त्या पोरीची मान धरली होती.

पॉलिशवाली बाई जाता जाता तव्यापाशी वाकली. "प्रेमपत्रं शेकताय का ताई?" ती म्हणाली, "हो." त्या दिवशी तिने एकाच्या कवळीत वरचे पटाशीचे दोन दात उलटसुलट बसवले. साहेबांच्या लक्षात येण्याआधी तिने ते काढले.

वडील तिच्याकडेच राहत. एक्क्याऐंशी वर्षांचे. आई गेल्यावर, अकरा वर्षांपूर्वी, त्यांनी स्वतःचं घर आवरलं म्हणजे तिनेच जाऊन आवरलं, आणि ते दोन पेट्या कपडे आणि चौदा रेडिओ घेऊन इथे आले. आयुष्यभर त्यांनी रेडिओ दुरुस्त केले. म्हणजे उघडले. जेवणाच्या टेबलाच्या निम्म्या भागावर आता त्यांची पोटं फाडलेली यंत्रं पसरलेली असत, तारा, स्क्रू, बशीत भरलेले बारीक भाग, आणि कधी कधी त्याच बशीत अर्धं बिस्किट. बापाबद्दल तिला जे वाटत होतं त्याला प्रेम म्हणायची तिला सवय होती. बुधवारी संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तेव्हा त्यांच्या स्वेटरचा न धुतलेला, तेलकट, गोडसर वास आला आणि तिला कळलं की आपण रोज दारातच श्वास रोखून आत येतो. सात वर्षांची असताना ती त्यांची वाट बघत बसस्थानकावर उभी होती. मावशीकडून एकटी परतत होती. बसवाल्याने उतरवून दिलं, वडील घ्यायला येणार होते. एक बस गेली, दुसरी गेली. मोठी माणसं येऊन विचारायची, बाळ कोणाची तू? ती सांगायची, बाबा येताहेत. मुतारी कुठे आहे हे विचारायची लाज वाटली आणि उभ्या उभ्याच ती भिजली. मोजे गरम झाले, मग गार. चार तासांनी वडील आले, धावत, घामाघूम, हातात कोणाचा तरी रेडिओ, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की तिला आधी वाटलं आपल्यालाच बघून झालाय. ते म्हणाले, "अगं, लागला! शेवटी लागला!" वाटेत कोणीतरी भेटलं होतं, त्याचा रेडिओ बंद होता. बस्स. मागाहून, तिचे ओले मोजे दिसल्यावर, ते रस्त्यातच खाली बसले आणि कपाळावर मुठी मारू लागले. तिला तेही नको होतं. तिला तेव्हापासून माणसाच्या आनंदाचीच थोडी शिसारी होती.

"बाबा," ती समोर बसत म्हणाली, "तुम्हाला काही प्रश्न विचारायचेत. नीट उत्तरं द्या."

"परीक्षा आहे का? मग नापासच धर."

"हाती घेतलेलं काम पुरं व्हायच्या आत दुसऱ्या कामाला लागता का?"

त्यांनी चष्म्यावरून टेबलाकडे बघितलं. "हे मला विचारतेस की टेबलाला?"

"रांगेत उभं राहायला जड जातं?"

"तुझी आई राहायची ना उभी."

"किती नोकऱ्या केल्यात?"

"सात."

"चार," ती म्हणाली. तिला चार माहीत होत्या. आई त्या चारही नोकऱ्यांची नावं, तिथल्या साहेबांच्या नावांसकट, घासलेली भांडी आपटताना क्रमाने घ्यायची.

"सात," वडील म्हणाले. त्यांनी हातातला स्क्रू बशीत ठेवला. "तिला चारच सांगितल्या. मधल्या तीन सुटल्या तेव्हा मी डबा घेऊन सकाळी निघायचो आणि ग्रंथालयात जाऊन बसायचो. एकदा सव्वादोन महिने. तिथला माणूस मला रोज नमस्कार करायचा, त्याला वाटायचं मी संशोधक आहे." ते हसले. मग हसू तसंच राहून गेलं, पुसायचं विसरलेल्या फळ्यासारखं. "कशाला विचारतेस?"

तिने सांगितलं. लेकीची दुसरी नोकरी गेली ते सांगितलं, डॉक्टर, फॉर्म, तो इंग्रजी अक्षरांचा शब्द. एडीएचडी. डोकं लक्षाला दावं बांधू शकत नाही, असं काहीतरी. जन्मापासून असतं, रक्तातून येतं. "तिला बहुतेक आहे. मला आहे, बाबा. मला आता शंकाच नाही. आणि तुम्हाला तर..." तिने टेबलाकडे हात केला. वडिलांनी तो शब्द दोनदा उच्चारून बघितला, नव्या भागाचा नंबर वाचावा तसा.

"केव्हापासून?"

"म्हटलं ना, जन्मापासूनच."

"तसं नाही गं. हे नाव केव्हापासून आहे?"

"झाली असतील बरीच वर्षं."

"तुझी आई होती तेव्हा होतं?"

"हो."

"डॉक्टरांना माहीत होतं?"

"काहींना असेल."

"मग तिला कोणी सांगितलं नाही." त्यांनी समोरचा रेडिओ हाताच्या पालथ्या बाजूने दूर लोटला. काही स्क्रू जमिनीवर पडले, ते त्यांनी उचलले नाहीत. "शी," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून असा आवाज तिने ऐकला नव्हता. "एवढंच होतं? एवढुसं? ती म्हणायची, तुम्ही मुद्दाम करता. पन्नास वर्षं म्हणायची. आणि मी म्हणायचो, हो, करतो मुद्दाम. मुद्दाम करणाऱ्या माणसाबरोबर बाई भांडते तरी. ज्याला जमतच नाही त्याच्याबरोबर कशाला राहील?" त्यांचे ओठ ओले झाले होते आणि हनुवटीवर बिस्किटाचा कण होता. तिला उठून त्यांना जवळ घ्यायला हवं होतं. तिला ते कळत होतं. पण त्या कणाकडे बघताना तिच्या घशात आवंढ्याऐवजी काहीतरी आंबट आलं, आणि ती म्हणाली, "तोंड पुसा बाबा." त्यांनी बाहीने तोंड पुसलं. ती जमिनीवर बसून स्क्रू गोळा करू लागली, कारण त्या कामात तोंड खाली राहत होतं.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तिने फॉर्म लिहायला घेतला आणि ती थेट साडेचारला वर बघती झाली. मधे काय झालं तिला सांगता आलं नसतं. गरम पाण्यात ठेवलेला एकाचा मेणाचा खालचा जबडा पार विरघळून गेला होता. पण फॉर्म भरला होता, आणि फक्त भरला नव्हता, समासात, पाठीमागे, जोडलेल्या चार कागदांवर ती लिहीत गेली होती. बूट लिहिला. बसस्थानक लिहिलं. ग्रंथालयातले सव्वादोन महिने लिहिले. शेवटच्या पानावर, 'पालकांना आणखी काही नमूद करायचे असल्यास' या ओळीखाली, तिने अकरा डबे लिहिले. झाकणांसकट. मान कुठल्या हाताने धरली तेसुद्धा. दाताच्या कडा घासून घासून अचूक कराव्यात तशी तिने वाक्यं घासली होती, आणि शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर तिला हलकं वाटलं, जवळजवळ छान वाटलं. लगेच त्या छान वाटण्याची घाण वाटली. तरी तिने कागद खोडले नाहीत. नव्या पाकिटात घातले आणि पाकीट पिशवीत न ठेवता ब्लाउजच्या आत खोचून घरी नेलं.

शनिवारी उशीर होईल या भीतीने ती दीड तास आधी पोचली. डॉक्टरांच्या दवाखान्यातली वाट बघायची खोली फिकट हिरवी होती. मऊ खुर्च्या, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड, झाडाच्या पानांवर धूळ. समोर एक माणूस डोळे मिटून बसला होता आणि टाच जमिनीवर आपटत होता, थांबत होता, पुन्हा आपटत होता. अकराला वीस मिनिटं असताना लेक आली. केस ओले, शर्टचं एक बटण चुकीच्या काजात. तिचा हात आपोआप त्या बटणाकडे गेला. लेक मागे सरली. "राहू दे." नोंदणीच्या खिडकीतल्या बाईने सांगितलं की डॉक्टरांना पाऊण तास उशीर आहे. लेक बसली आणि तिने पाकीट मागितलं.

लेक वाचत असताना ती तिच्या जबड्याकडे बघत होती. पहिल्या पानांना तो नुसता आवळलेला होता. मग लेकीच्या भुवया वर गेल्या. "बूट? माझा कुठला बूट?" तिने उत्तर द्यायच्या आत लेकीने पान उलटलं. जोडलेले कागद आले. लेकीचं वाचणं मंदावलं. शेवटच्या पानावर ती फार वेळ थांबली. खोलीत टाचेचा आवाज येत होता. या क्षणाची ती कालपासून वाट बघत होती. लेक रडेल, असं तिला वाटलं होतं. किंवा थोबाडीत मारेल. दोन्हीला ती तयार होती, खरं तर दोन्ही तिला हवं होतं.

लेकीने कागद नीट जुळवले, कडा मांडीवर ठोकून सारख्या केल्या. "हे तू काय केलंस?"

"खरं लिहिलं," ती म्हणाली. "तुला आठवत नसेल, पण..."

"मला सगळं आठवतं. अकरा नव्हते, तेरा होते. दोन मी आधीच वर्गातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकले होते." लेकीचा आवाज वाढला नाही. "हा फॉर्म कोणाचा आहे, आई?"

"तुझा."

"मग यात मी कुठे आहे? तू आहेस. आजोबा आहेत. आजी भांडी आपटतेय. माझ्याबद्दल काय आहे? मी ओकले, एवढंच." तिने तोंड वाकडं केलं, एखाद्याच्या ताटातलं उष्टं दिसल्यावर करतात तसं. "तुझं मन हलकं करायला तुला माझा कागद सापडला. आतला माणूस माझ्याकडे कधी बघणार? तो दोन तास तुझीच गोष्ट वाचत बसेल."

लेक म्हणत होती ते अक्षरशः खरं होतं, आणि काल वाटलेलं ते हलकेपण आता तिच्या अंगावर गार घामासारखं चिकटून होतं. मान धरली तेव्हाही तिला वाटलं होतं की आपण पोरीसाठी करतोय. लेक उठली, खिडकीपाशी गेली, आणि नवा कोरा फॉर्म घेऊन आली. पेनही आणलं. "आता भर. अजून अर्धा तास आहे. फक्त माझ्याबद्दल लिही. माझ्याशिवाय एक अक्षर नको."

तिने फॉर्म मांडीवर घेतला. 'वस्तू हरवत असे का?' तिने लिहिलं, छत्र्या. टोपी. पण त्या तिच्याच होत्या, लेकीच्या नव्हे. डबे, पण ते हरवत नव्हते. सगळं खोडलं. 'मित्रमैत्रिणींबरोबरच्या खेळात स्वतःची पाळी येईपर्यंत थांबू शकत असे का?' मित्रमैत्रिणी. एक लांब वेणीची मुलगी घरी यायची, ती पहिलीत की चौथीत? ती का यायची बंद झाली? तिने लिहिलं, माहीत नाही. 'गृहपाठाला बसल्यावर काय करत असे?' या वेळी ती लॅबमध्ये असायची, किंवा घरी असूनही नसायची. माहीत नाही. 'गोष्ट ऐकताना?' तिने कधी गोष्ट सांगितली होती का? सुरू केल्या होत्या. माहीत नाही. तिसऱ्या पानावर पोचेपर्यंत 'माहीत नाही' सात वेळा लिहून झालं होतं, एकाखाली एक, तिच्या वळणदार, कौतुक होणाऱ्या अक्षरात. कुठल्याशा अनोळखी म्हाताऱ्याच्या दाढेचा खळगा तिला डोळे मिटून काढता आला असता. आणि हे सत्तावीस वर्षांचं माणूस, तिच्या पोटातून आलेलं. तिला स्वतःची इतकी शिसारी आली की कागद बाजूला ठेवून निघून जावं असं वाटलं. निघून जाणं सोपं होतं. बाहेर रस्ता होता, रस्त्यावर शंभर गोष्टी होत्या. ती खुर्चीतच बसून राहिली आणि नखाने खुर्चीच्या कापडातला एक धागा ओढत राहिली.

"चौदावा प्रश्न," ती शेवटी म्हणाली. "वर्गात बसल्यावर पाल्य काय करत असे? मला माहीत नाही. तू काय करायचीस?"

लेकीने तिच्याकडे बघितलं. थट्टा आहे की काय, हे तपासत असावी. मग ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "वर्गासमोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक बाई गाद्या झटकायची. रोज. मी तिचे फटके मोजायचे. चाळीसच्या वर गेले की मला वाटायचं, आज घरी सगळं ठीक असणार. चाळीसच्या आत थांबली तर..." लेक बोलत होती. तिचा आवाज हळूहळू सैल होत होता, ती हातांनी गादीची लांबी दाखवत होती. खिडकीतली बाई कोणाशी तरी फोनवर हसली, आणि तिच्या वरच्या डाव्या सुळ्याची टोचणारी कड दिसली, साधा टवका, अर्ध्या तासाचं काम, कोणी केलं नसेल का, आणि रंग मात्र फसवा, जरा पिवळ्याकडे झुकणारा, तो जुळवायला तीन थर लागतील, आधी गडद, मग... "...म्हणून मग मी वर्गात बोलणंच सोडून दिलं," लेक म्हणाली, आणि थांबली.

कशामुळे? त्या 'म्हणून'च्या आधी काय होतं? तिला काही ठाऊक नव्हतं. अशा वेळी काय करायचं ते तिला येत होतं. मान हलवायची. 'अरेरे' म्हणायचं, किंवा 'हं', चेहरा जरा दुःखी ठेवायचा. नवऱ्यापाशी चाललं होतं, साहेबांपाशी चालत होतं, लेकीपाशी सत्तावीस वर्षं चाललं होतं. मान हलायलाही लागली होती. ती तिने थांबवली. मानेत कळ आली.

"थांब," ती म्हणाली. "मी ऐकलं नाही. माझं लक्ष गेलं."

"कुठे?"

"त्या बाईच्या दाताकडे."

लेक वळली आणि तिने खिडकीतल्या बाईच्या दाताकडे बघितलं. मग आईकडे. तिच्या चेहऱ्यावर क्षमा वगैरे काही नव्हती.

"तुला किळस येत नाही गं स्वतःची?"

"येते," ती म्हणाली. "रोज."

"मलाही येते," लेक म्हणाली. "माझी. आणि तुझी पण."

"मग परत सांगशील का?"

"कुठून?"

"गादीवाल्या बाईपासून."

समोरच्या माणसाची टाच पुन्हा सुरू झाली होती. लेकीने एक सुस्कारा टाकला, खुर्ची ओढून खिडकीकडे पाठ येईल अशी आईच्या अगदी समोर ठेवली, गुडघ्याला गुडघे लागतील इतकी जवळ, आणि चिडलेल्याच आवाजात, एकेक शब्द सुटा करत, पहिल्यापासून सांगायला लागली.